ती अर्धी गोळी डॉक्टरांना सांगा

पत्र थोडक्यात असं : इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिका, वय ६३. पंधरा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. मागच्या वर्षी एका संकष्टीला, चंद्रोदयाला तास-दीड तास असताना, स्वयंपाकघरात त्यांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम आला आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. यजमानांनी साखर घालून चहा दिला, दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं. तेव्हापासून त्या कुणालाही न सांगता गोळी अर्धी करून घेतात, उपासाच्या दिवशी घेतच नाहीत. आता तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ९.२ आला आहे. डॉक्टर म्हणाले, ''माताजी, अब इन्सुलिन लेना पड़ेगा,'' आणि पुढचं सगळं यजमानांशी बोलले. बंगळूरचा मुलगा फोनवर म्हणतो, ''आई, डॉक्टर सांगतात ते कर.'' ग्वाल्हेरला वडिलांना इन्सुलिन सुरू झालं आणि दोन वर्षांत त्यांचा पाय कापावा लागला, हे बाईंनी पाहिलेलं आहे. शेजारच्या वहिनी कारल्याच्या रसाचा आग्रह करताहेत. प्रश्न असा की, डॉक्टर बदलू, की गप्प बसून सुई घेऊ?

ताई,

'मला त्यातलं काय कळतं' हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आलं आहे. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, किती वाजता झालं, सकाळची गोळी कधी घेतली होती, दुपारी फक्त चहा आणि मूठभर दाणे कसे पोटात होते, काय घेतल्यावर उतार पडला, हे तुम्ही ज्या बारकाईनं लिहिलं आहे, तसं कुठल्या केसपेपरवर लिहिलेलं सापडणार नाही. तुमच्या आजाराबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती तुमच्याकडे आहे. ती जिथे पोचायला हवी तिथे वर्षभरात पोचलेली नाही, एवढंच.

डॉक्टरांचं ऐकू की मनाचं, असं तुम्ही विचारता. पण वर्षभर तुम्ही मनाचंच ऐकता आहात. ओट्यावर सुरीनं गोळीचे दोन तुकडे करताना उपचाराचा निर्णय रोज होतो आहे. डॉक्टरांच्या कागदावर मात्र तुम्ही पूर्ण डोस घेणाऱ्या पेशंट आहात. पूर्ण डोस घेऊनही ९.२, म्हणजे गोळ्या पुरत नाहीत, म्हणून इन्सुलिन, असा त्यांचा हिशोब आहे. हिशोब बरोबर आहे, त्यात घातलेला आकडा चुकीचा आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्या काळजीपोटीच स्पष्ट लिहिते आहे. गोळी अर्धी झाल्याचं जोवर त्यांना कळत नाही, तोवर इन्सुलिन हवं की नको हा प्रश्न नीट मांडलाच जात नाही.

ती गोळी जरा जवळून बघा. ती एक दिसत असली तरी तिच्यात दोन औषधं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेल्या असा वा नसा. म्हणून उपाशीपोटी साखर खाली जाण्याचा धोका मुख्यतः त्याचा. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा साखर तशी पाडत नाही. तुम्ही गोळी अर्धी केलीत तेव्हा ज्यानं त्रास दिला ते अर्धं झालं आणि ज्यानं काहीच बिघडवलं नव्हतं तेही अर्धं झालं. शिवाय स्ट्रिपवर मेटफॉर्मिनच्या पुढे एसआर, ईआर, पीआर किंवा एक्सआर अशी अक्षरं आहेत का पाहा. असली तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कापली की तो गुण जातो. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारलंत तरी तो सांगेल. त्या संध्याकाळी तुम्ही साखर मोजली नव्हती, त्यामुळे ती उतरलीच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी डॉक्टरही नाही. पण थरथर, घाम आणि गोड घेतल्यावर पंधरा मिनिटांत उतार, ही हकीकत ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर आधी ग्लिमेपिराइडचा विचार करील. औषध बदलून किंवा त्याची वेळ बदलूनही कदाचित मार्ग निघाला असता.

मग वर्षभर हे सांगितलं का नाही? डॉक्टर रागावतील म्हणून, असं तुम्ही लिहिता. ते खरंच आहे, पण मला आणखी एक कारण दिसतं. इंदूरला आपण घरी मराठी बोलतो आणि दवाखान्यात शिरताना जिभेवर हिंदी येते. 'अगदी गळून गेल्यासारखं झालं' हे डॉक्टरांसमोर 'थोड़ी कमजोरी लगती है' होतं. 'कमजोरी' ऐकलं की कागदावर ताकदीची गोळी लिहिली जाते, आणि विषय संपतो. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. 'घेरी' आणि 'चक्कर' यांतला फरक त्यांना हिंदीत सांगता येत नव्हता, आणि सहा महिने त्या निराळ्याच गोळ्या घेत राहिल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, त्रासाला नाव देऊ नका, घडलं ते सांगा. 'हाथ काँप रहे थे, पसीना छूट रहा था, शक्कर की चाय पी तो पंद्रह मिनट में ठीक हो गई।' एवढं वाक्य पाठ करून जा. आणि मराठी शब्द आठवला तर मराठीच बोला. आपल्या शहरात निम्म्या दवाखान्यांत कुणी ना कुणी मराठी समजणारं निघतं.

आता इन्सुलिनची भीती. तुमच्या वडिलांचं वाचून मला माझे रामबागेतले काका आठवले. त्यांची काचेची सिरिंज काकू रोज सकाळी पातेल्यात उकळायच्या. तीच जाड सुई पुन्हा पुन्हा वापरायची, आणि घरात फ्रिज नव्हता म्हणून बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली. उकळत्या पाण्यात काच काचेवर आपटायची तो आवाज झाला की आम्ही मुलं गच्चीवर पळायचो. इन्सुलिन म्हटलं की आपल्या पिढीला हेच आठवतं. आज पेनला लावायची सुई चार मिलिमीटरची मिळते, आणि पुष्कळ जणांना सुरुवातीला दिवसातून एकदाच, बहुधा रात्री, घ्यावं लागतं. पण भीती फक्त सुईची नाही, हे मला कळतं. इन्सुलिन आलं की शेवट जवळ आला, असं तुमच्या मनात बसलं आहे. दोन वर्षांत पाय गेला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पण ते दोन वर्षांत घडलेलं नसतं, ताई. पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं खराब होत जातात. त्या काळी इन्सुलिन फार उशिरा, सगळं हाताबाहेर गेल्यावर सुरू करायचे, म्हणून इन्सुलिन आणि संकट एकाच दारातून आल्यासारखे दिसायचे. ब्रिटनमधल्या मधुमेहावरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यात ज्यांची साखर दहा वर्षं जास्त काटेकोर ठेवली, त्यांच्या डोळे, मूत्रपिंडं अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे पाव हिश्श्यानं कमी झाले. त्यांतल्या पुष्कळ जणांना इन्सुलिन दिलेलं होतं.

तेवढंच सांगून थांबले तर मी एकाच बाजूनं बोलेन. साखर जितकी खाली तितकं चांगलं, असंही नाही. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर मधुमेही लोकांवर झालेल्या अभ्यासात एका गटाची एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून २००८ मध्ये तो भाग मधेच थांबवला. त्यानंतर जगभरचे डॉक्टर एकच आकडा सगळ्यांना लावू नका असं म्हणू लागले. पुष्कळांसाठी ७ च्या आसपास ठीक. पण ज्यांची साखर एकदम पडते, वय जास्त आहे, इतर आजार आहेत, त्यांच्यासाठी ७.५ किंवा ८ सुद्धा समजूतदारपणाचं उद्दिष्ट असू शकतं. तुमच्यासाठी किती? हा आकडा तुमची मूत्रपिंडं, डोळे, हृदय यांच्या तपासण्या आणि तुमचा दिवसाचा क्रम, दोन्ही पाहून ठरायला हवा. पहिली माहिती डॉक्टरांकडे, दुसरी फक्त तुमच्याकडे. म्हणून डॉक्टरांना सर्वांत आधी हेच विचारा, ''डॉक्टरसाहब, मेरे लिए कितना ठीक है?'' ९.२ मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही. 'मला बरं वाटतंय, राहू दे' हा पर्याय मी तुम्हाला देणार नाही.

पर्याय काय काय आहेत? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मधुमेहाच्या पेशंटसमोर औषधांची नावं न मांडता कार्डं मांडायची पद्धत तयार झाली. एका कार्डावर वजन, एकावर साखर पडण्याचा धोका, एकावर रोजचा व्याप, एकावर बोटाला टोचून मोजणं, एकावर खर्च. पहिलं कोणतं बघायचं ते पेशंटनं ठरवायचं. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिथून बोलणं पेशंटच्या काळजीपासून सुरू होतं. तुम्ही शिक्षिका होतात, चिठ्ठ्या करणं तुम्हाला नवं नाही. वहीचं एक पान फाडून सहा चिठ्ठ्या करा : साखर पडायची भीती, सुई, उपास, वजन, महिन्याचा खर्च, रोज मोजायचा कंटाळा. यजमानांना समोर बसवा आणि त्या मनाप्रमाणे वर-खाली लावा. पत्रावरून मला वाटतं की सगळ्यात वर 'साखर पडायची भीती' येईल आणि सुई तिसरी-चौथी. तसं झालं तर सगळं बोलणंच बदलतं. कारण मग आपण 'इन्सुलिन नको' म्हणत नाही, 'मला पुन्हा तसं खाली बसायचं नाही' असं म्हणतो, आणि त्यावर डॉक्टर काहीतरी करू शकतात.

उदाहरणादाखल. ग्लिमेपिराइड काढून किंवा कमी करून मेटफॉर्मिन पूर्ण घेणं आणि जोडीला ग्लिप्टिन गटातली गोळी, हा एक रस्ता. या गोळ्या एकट्यानं साखर क्वचितच पाडतात. त्यांतल्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झाली आहे. पण त्यांचा जोर मध्यम, ९.२ वरून त्या एकट्या कितपत खाली आणतील हा प्रश्न राहतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते, हृदयाला आणि मूत्रपिंडांना तिचा फायदा होतो. मात्र खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि निर्जळी किंवा लांब उपास करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. रात्रीचं एक इन्सुलिन हा तिसरा रस्ता. परिणाम खात्रीचा, डोस हळूहळू वाढवता-कमी करता येतो. पण वजन थोडं वाढू शकतं, आणि साखर पडायचा धोका त्यातही आहे, म्हणून ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवावं लागतं. चौथा रस्ता असा की आधी औषधं ठरल्याप्रमाणे पूर्ण घ्यायची, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर निर्णय पुढे. तुमच्या बाबतीत हा रस्ता मला विचारण्यासारखा वाटतो, पण होकार डॉक्टरांचा हवा. आणि कोणताही रस्ता घेतलात तरी एक वाक्य जोडा, ''तीन महीने करके देखते हैं, फिर बात करेंगे।'' इन्सुलिन सुरू केलं म्हणजे जन्माची गाठ पडलीच असंही नाही. काही जणांचा डोस पुढे कमी होतो, काहींचं थांबतं, काहींचं नाही.

कारल्याच्या रसानं वहिनींना बरं वाटत असेल, त्यांच्याशी वाद नको. पण ९.२ खाली आणण्याइतका भक्कम पुरावा त्याला नाही. गोळीच्या जागी तो येऊ शकत नाही, आणि घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

डॉक्टर यजमानांकडे बघून बोलतात, याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. दिल्लीच्या एका खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान बाईच्या वतीनं तिच्या आईनं मोठ्या ऑपरेशनला संमती दिली होती. न्यायालयानं म्हटलं, ती शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, आईची संमती चालणार नाही. प्रत्यक्ष आईची चालत नाही, तर समोर जागेपणी बसलेल्या तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला विचारणं कसं चालेल? यजमानांना बाहेर बसवा असं मी म्हणत नाही. त्यांचा तुम्हाला आधार आहे, तो चहा त्यांनीच दिला. त्यांना वही-पेन द्या. ते लिहून घेतील, बोलायचं तुम्ही. खुर्ची डॉक्टरांच्या समोरची तुमची, बाजूची त्यांची. आणि मुलाला गोळीचं आजच सांगा. तो 'सांगतात ते कर' म्हणतो कारण त्यालाही अर्धीच गोष्ट माहीत आहे.

डॉक्टरांच्या बाजूनंही दोन शब्द लिहायला हवेत. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. ६७ देशांतल्या माहितीवरून २०१७ मध्ये काढलेल्या हिशोबात आपल्याकडे साध्या दवाखान्यात एका पेशंटला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास मिळतात असं दिसलं. तुम्हाला चार मिळाली. त्या चार मिनिटांत डॉक्टर तुमच्या मनातलं ओळखतील ही अपेक्षा ठेवली तर दोघांचीही निराशा होईल. म्हणून अर्ध्या पानाचा कागद न्या, आणि बसल्या बसल्या त्यांच्या हातात द्या. त्यावर पहिली ओळ : 'मी वर्षभर गोळी अर्धी घेत आहे, उपासाला घेत नाही.' दुसरी ओळ : का, त्या संध्याकाळी काय झालं. मग सात दिवसांच्या साखरेचे आकडे, सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. त्यांत एक दिवस रविवारचा धरा, सेव घातलेले पोहे आणि जलेबीचा, तो लपवू नका. शेवटी तुमचे प्रश्न, दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत. निघताना तुम्हाला समजलं ते तुमच्या शब्दांत परत सांगा, ''मतलब रात को यह, सुबह यह, और उपवास के दिन यह, ठीक है ना?'' चूक तिथेच सापडते. मला तर याहून उपयोगी सवय दुसरी माहीत नाही.

डॉक्टर रागावले तर? एखादं वाक्य रागाचं येईलही. पण बहुतेक डॉक्टर खरी माहिती मिळाल्यावर मोकळे होतात, कारण कोडं सुटतं. हे सगळं सांगूनही त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, 'मैं जो बोल रहा हूँ वो करो' एवढंच म्हणाले, तर दुसरं मत जरूर घ्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क लिहिलेला आहे. त्यात कृतघ्नपणा नाही. पण आधी डॉक्टर बदललेत आणि अर्धी गोळी नव्या डॉक्टरांपासूनही लपवलीत, तर तीन महिन्यांनी तुम्ही याच प्रश्नापाशी परत याल.

तुमच्यासारखी पत्रं मला दम्याच्या पंपाबद्दल येतात, 'सवय लागेल' म्हणून कपाटात ठेवलेल्या. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्यांबद्दल येतात. त्या सगळ्यांनीही हे आपल्यालाच लिहिलं आहे असं समजावं. एक अपवाद सगळ्यांसाठी : बोलून ठरवायला वेळ असतो तेव्हाच बोलून ठरवायचं. पायाला न भरणारी जखम, सतत उलट्या, झपाट्यानं उतरणारं वजन, जोरात चाललेला श्वास, शुद्ध हरपणं, अशा वेळी चिठ्ठ्या लावत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

तुमची पुढची अपॉइंटमेंट अकरा दिवसांनी आहे आणि मधे संकष्टी येते आहे. तोवर थांबू नका. उद्याच दवाखान्यात फोन करून एवढंच विचारा, उपासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची, आणि अर्धी चालू आहे हे त्याच फोनवर सांगून टाका. म्हणजे समोर गेल्यावर अवघड वाटणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी बोटाला टोचून साखर बघा. ७० च्या खाली दिसली, किंवा यंत्र हाताशी नसताना हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर चढायला वेळ लागतो. चंद्र दिसायची वाट बघू नका. साखर-पाणी उपासाला चालतं.